विहीर पलीकडे राहिली

१९८० च्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. मी तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होतो आणि पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका गावात आमच्या बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. आज त्या गावाला कोणी गाव म्हणणार नाही. पण तेव्हा शाखेच्या खिडकीतून ज्वारीची ताटे दिसत, दुपारी दोननंतर गिऱ्हाईक फिरकत नसे आणि आमचा शिपाई उन्हाळ्यात माठात वाळा घालायला कधी विसरत नसे. ठेवींचे उद्दिष्ट गाठताना आमच्या मॅनेजरसाहेबांची दर मार्चअखेर दमछाक व्हायची. त्या वर्षी मात्र चमत्कार झाला. उद्दिष्ट दिवाळीच्या आधीच पुरे झाले. कात्रज ते देहूरोड असा नवा बाह्यवळण रस्ता होणार होता. ज्यांच्या जमिनी त्यात गेल्या त्यांना मोबदल्याचे धनादेश मिळत होते आणि ते घेऊन माणसे आमच्या दारात उभी राहत होती.

त्यांच्यात एक तात्या होते. साठीचे, शिडशिडीत. धनादेश त्यांनी चार घड्या घालून टोपीत ठेवला होता. तो बाहेर काढून, टेबलावर पसरून, तळहाताने सरळ करत ते म्हणाले, ‘‘सायेब, पैशाचं काय ते तुमी बगा. पर माजी हीर पल्याड ऱ्हायली. आता तिकडं जायाचं कसं, तेवढं सांगा.’’ मी मुदत ठेवीचा फॉर्म भरण्यात गुंतलो होतो. मान वर न करताच म्हणालो, ‘‘त्यात काय तात्या, रस्ता ओलांडायचा आणि जायचं!’’ माझ्या शेजारचा कारकून हसला. तात्याही हसले. सही येत नव्हती, म्हणून अंगठा उठवून ते निघून गेले.

रस्ता झाला. तात्या तो ओलांडून विहिरीवर जाऊ लागले. त्यांच्या पत्नी, ज्यांना सारे गाव मावशी म्हणत असे, त्याही भाकरी घेऊन जाऊ लागल्या. वर्ष-दीड वर्ष झाले असेल. एका पहाटे, अजून नीट उजाडले नव्हते तेव्हा, मावशींना मालट्रकची धडक बसली. महिनाभराने तात्या शाखेत आले ते मावशींचे बचत खाते बंद करायला. शिल्लक तीनशे चाळीस रुपये होती. अर्ज मीच भरून दिला. ‘खाते बंद करण्याचे कारण’ या रकान्यात मी ‘खातेदार मयत’ असे लिहिले. त्यापेक्षा जास्त लिहायला त्या रकान्यात जागा नव्हती.

ही गोष्ट मी आजवर कुठल्या कादंबरीत घातली नाही. घालावीशी वाटली नाही. पण गेली काही वर्षे या रस्त्याच्या रुंदीकरणाच्या, पुनर्बांधणीच्या, त्यावर दुसरा मजला चढवण्याच्या बातम्या वाचतो तेव्हा प्रत्येक वेळी मला तो रकाना आठवतो.

बाह्यवळण म्हणजे गावाबाहेरून जाणारा रस्ता. मुंबईहून बंगळूरला निघालेल्या मालमोटारींनी पुण्यात शिरू नये, म्हणून तो बांधला. पण गाव जागच्या जागी बसून राहिले नाही. १९९४ साली राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने बालेवाडीला क्रीडानगरी उभी राहिली. मग हिंजवडीत संगणक कंपन्या आल्या. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. वारजे, बावधन, बाणेर, वाकड, आंबेगाव, नऱ्हे ही नावे सातबाऱ्यावरून निघून सदनिकांच्या जाहिरातींत गेली. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ आता ४८ झाला. दुपदरी रस्ता सुवर्ण चतुष्कोन योजनेत चौपदरी झाला आणि २०१० साली पुणे-सातारा सहापदरीकरणाचे काम निघाले, ते ठरल्या मुदतीनंतरही वर्षानुवर्षे रेंगाळत राहिले. आज हा बाह्यवळण रस्ता शहराच्या मधोमध आहे. बंगळूरला जाणारा कंटेनर, हिंजवडीला निघालेला अभियंता, शाळेची बस आणि भाजी घेऊन परतणारी दुचाकी, सारे एकाच रस्त्यावर.

निवृत्तीच्या आधी मीही तिकडेच घर घेतले. तात्यांची विहीर ज्या बाजूला राहिली होती, त्याच बाजूला. माझे डॉक्टर मात्र अलीकडच्या बाजूला आहेत. सरळ रेषेत अंतर पाच-सात मिनिटांचे. पण जायचे तर सेवारस्त्याने उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या चुकवत भुयारी मार्गापर्यंत चालायचे, पावसाळ्यात त्यात साचलेले पाणी तुडवायचे आणि पलीकडे निघाल्यावर तेवढेच अंतर परत यायचे. सौभाग्यवतींचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही रिक्षाने जातो. म्हणजे जे अंतर पायी सरायचे, त्यासाठी आम्ही त्या रस्त्यावरच्या गर्दीत आणखी एक वाहन वाढवतो!

या रस्त्याची आता डागडुजी नव्हे, ठिकठिकाणी नव्याने बांधणी हवी, याबद्दल माझे दुमत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. पुनर्बांधणी आणि रुंदीकरण या दोन निराळ्या गोष्टी आपल्याकडे नेहमी एकाच फाइलीत येतात आणि पहिलीच्या गरजेवर दुसरी मंजूर होऊन जाते.

मी कर्जविभागात होतो तेव्हा एक छापखानेवाले आले होते. यंत्र जुने झाले होते, ते बदलायचे होते. पण कागद पाहिले तर जुन्याच्या जागी एक आणि शिवाय आणखी एक, अशा दोन यंत्रांसाठी कर्ज मागितलेले. मी त्यांना म्हटले, ‘‘यंत्र मोडकळीला आले म्हणून बदलायचे, हा एक प्रस्ताव. धंदा वाढवायचा, हा दुसरा. पहिला मी आज मंजूर करतो. दुसऱ्यासाठी मागणी कुठून येणार, ते दाखवा.’’ ते रागावले. पण ही विभागणी केली नाही तर कर्ज देणाऱ्याचेही नुकसान होते आणि घेणाऱ्याचेही, हे बँकेतल्या कोवळ्या अधिकाऱ्यालाही शिकवलेले असते. रस्त्याच्या बाबतीत कर्ज घेणारे आपण आणि फेडणारेही आपणच. तरी हा प्रश्न कोणी विचारत नाही.

रस्ता म्हातारा होतो म्हणजे काय होते? पुलाच्या गर्डरखाली बेअरिंग असतात, ती झिजतात. दोन भागांमधले सांधे उघडे पडतात, त्यातून पाणी आत शिरते आणि काँक्रीटमधल्या लोखंडाला गंज चढतो. गटारे बुजतात, भरावाखाली पाणी मुरते, डांबराखालचा थर पोकळ होतो. संरक्षक कठडे वाकतात. हे सारे वेळच्या वेळी दुरुस्त करणे हे कुठल्याही विस्तारापेक्षा स्वस्त असते. पण बदललेल्या बेअरिंगला फीत बांधता येत नाही. साफ केलेल्या गटाराच्या उद्घाटनाला कोणी नारळ फोडत नाही. बँकेत आम्ही दरवर्षी घसारा काढायचो. खुर्ची-टेबलाचासुद्धा. सार्वजनिक कामाचा घसारा मात्र आपण पूल पाडायच्या दिवशी एकदमच काढतो. पुण्यातल्या विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल २००६ च्या सुमारास बांधले आणि २०२० साली पाडून टाकले, कारण मेट्रोसह नवा दुमजली पूल करायचा होता. चौदा वर्षांत! एवढ्या काळात आमच्या शाखेतले टाइपराइटरसुद्धा निकालात निघत नसत.

रुंदीकरणाबद्दल बोलायचे तर मला कॅश क्रेडिटची आठवण होते. व्यापाऱ्याला खेळत्या भांडवलासाठी पाच लाखांची मर्यादा दिली की तो सहा महिन्यांत ती काठोकाठ वापरतो. मग येतो आणि म्हणतो, ‘साहेब, खाते सारखे फुल्ल असते, मर्यादा वाढवा.’ आठ केली की आठ भरते, बारा केली की बारा. नवखा अधिकारी म्हणतो, बघा, किती गरज होती! जुना अधिकारी म्हणतो, मर्यादा आहे म्हणून वापर आहे. दोघांचे म्हणणे थोडे थोडे खरे असते. पण मर्यादा वाढवून खात्यावरचा ताण गेला, असे मी माझ्या नोकरीत क्वचितच पाहिले.

रस्त्याचेही हेच होते, हे काही माझे शोध नव्हेत. अमेरिकन अर्थतज्ज्ञ अँथनी डाऊन्स यांनी १९६२ सालीच मांडले होते की, शहरातल्या द्रुतमार्गांवर गर्दीच्या वेळी रस्ता जेवढा मोठा, तेवढी वाहने त्याला भरायला येतात. पूर्वी जे लोक लवकर निघत, आडवाटेने जात किंवा बसने जात, ते रस्ता मोकळा दिसताच त्या वेळी, त्या रस्त्याने, स्वतःच्या गाडीने जाऊ लागतात. मग त्या रस्त्याच्या भरवशावर आणखी दूर घरे बांधली जातात. २०११ साली गिल्स ड्युरांटन आणि मॅथ्यू टर्नर या दोघा अभ्यासकांनी अमेरिकेतल्या शहरांची आकडेवारी तपासली, तेव्हा महामार्गांची लांबी-रुंदी ज्या प्रमाणात वाढली, जवळपास त्याच प्रमाणात वाहनांची धावही वाढलेली आढळली.

टेक्सासमधल्या ह्यूस्टनला माझी भाची राहते. तिच्याकडे गेलो असताना तिने मुद्दाम मला केटी फ्रीवेवरून नेले. १९६० च्या दशकातला हा जुना द्रुतमार्ग २००३ ते २००८ या काळात पाडून, सुमारे पावणेतीन अब्ज डॉलर खर्चून नव्याने बांधला. सेवारस्ते धरून काही ठिकाणी त्याच्या सव्वीस मार्गिका होतात. खिडकीतून पाहताना पलीकडची घरे मला नदीच्या दुसऱ्या तीरासारखी वाटली. आणि तरीही संध्याकाळी आम्ही त्यावर अडकलोच. काम पूर्ण झाल्यानंतर, २०११ ते २०१४ या तीन वर्षांत, गर्दीच्या वेळी लागणारा प्रवासाचा वेळ सकाळी सुमारे तीस टक्क्यांनी आणि संध्याकाळी सुमारे पंचावन्न टक्क्यांनी वाढला होता. भाची म्हणाली, ‘‘मामा, तुमच्या कॅश क्रेडिटसारखंच झालं की हो हे!’’ माझे व्याख्यान तिने लहानपणापासून ऐकलेले आहे.

याच्या अगदी उलट उदाहरणही त्याच देशात आहे. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन भागात टेकडीच्या कडेला एकावर एक असे दोन मजली रस्ते आणि त्यांच्या डोक्यावर लोकांना फिरायला सज्जा, अशी एक सत्तरी ओलांडलेली रचना आहे. ती जर्जर झाली, तेव्हा २०१८ साली शहराने असा बेत मांडला की, दुरुस्ती होईपर्यंत तात्पुरता महामार्ग त्या सज्जावरून न्यावा. रहिवाशांनी तो हाणून पाडला. मग नेमलेल्या तज्ज्ञांनी सांगितले की, आधी या रस्त्यावरचे ओझे कमी करा. २०२१ साली दोन्ही दिशांच्या तीन-तीन मार्गिका दोन-दोनवर आणल्या. २०२३ पासून तिथे धावत्या मालमोटारींचे वजन आपोआप मोजून जादा वजनाला दंड होऊ लागला. म्हाताऱ्याच्या पाठीवरचे पोते उतरवून ठेवावे, तसे. मूळ पुनर्बांधणीचा प्रश्न त्याने सुटला नाही हे खरे, पण विचार करायला वेळ मिळाला.

‘तुम्ही निवृत्त, तुम्हाला काय घाई?’ असे कोणी मला म्हणेल. म्हणतातच. माझा मुलगा हिंजवडीला जातो आणि रात्री घरी येतो तेव्हा त्याची मुलगी झोपलेली असते. कोंडीत अडकलेली रुग्णवाहिका मी गॅलरीतून पाहिली आहे आणि तिचा भोंगा ऐकताना मनातल्या मनात तिच्यासाठी वाट काढली आहे. शेतमाल, औषधे, गॅसचे टँकर, सारे याच रस्त्याने येते. मी स्वतःही मोटार वापरतो. तेव्हा रस्ता नको, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही आणि ते माझे म्हणणेही नाही.

चांदणी चौकाचेच पाहा. तिथला जुना पूल अरुंद होता आणि खाली महामार्गाचा गळा आवळला जात होता. २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर तो स्फोटाने पाडला. पठ्ठ्या स्फोटानेही पुरता पडला नाही, उरलेला यंत्रांनी फोडावा लागला. १२ ऑगस्ट २०२३ ला नव्या बहुमजली चौकाचे उद्घाटन झाले. वाहनांना मोकळा श्वास मिळाला, हे मान्य करायलाच हवे. पण कोथरूडच्या बसमधून उतरून बावधनकडे पायी जाणाऱ्याने पलीकडे कसे जायचे? मुळशीकडची बस पकडायला निघालेल्या बाईने कुठून जायचे? एवढा मोठा आराखडा झाला, पुलावर पूल चढले, आणि पादचारी पुलाची मागणी नंतर लोकांना कितीतरी महिने करत राहावी लागली. वेगात येणाऱ्या गाड्यांमधून हातातली पिशवी उंचावत धावणारी माणसे मी तिथे पाहिली आहेत. त्यांत कामाला निघालेल्या बायका होत्या, शाळेची मुले होती. आराखडा काढणाऱ्या अभियंत्याने माझ्यासारखीच मान वर न करता उत्तर दिले असणार : त्यात काय, रस्ता ओलांडायचा!

आणि नवले पूल. नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडलेली अवजड वाहने लांबलचक उतारावरून खाली येतात. डिझेल वाचवायला काही चालक गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात, मग सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि नेमके त्याच वेळी समोर शहराची स्थानिक वाहतूक उभी असते. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका मालमोटारीने कितीतरी वाहनांना चिरडले. १३ नोव्हेंबर २०२५ ला पुन्हा तसेच झाले, वाहनांनी पेट घेतला आणि आठ जणांचा जीव गेला. मधल्या काळात पट्ट्या, फलक, कॅमेरे सारे लावून झाले होते. नंतर वेगमर्यादा आणखी खाली आणली. या जागी आणखी दोन मार्गिका वाढवून काय साधणार? तिथला प्रश्न रुंदीचा नाहीच. दूरची वाहतूक आणि घरची वाहतूक एकाच उतारावर एकमेकांत मिसळते, हा तो प्रश्न आहे.

हा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी कोणत्या अटींवर मंजूर केला असता, याचा मी कधी कधी संध्याकाळी विचार करतो. पहिली अट, पुनर्बांधणीचा खर्च आणि विस्ताराचा खर्च वेगळा दाखवा. जे मोडले आहे ते आधी, कोणतीही खळखळ न करता, दुरुस्त करा. दुसरी, रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनांची गणना करता तशी तो ओलांडणाऱ्या माणसांचीही करा आणि त्यांची वाट नकाशावर पहिल्या दिवसापासून असू द्या. गुडघे दुखणाऱ्यांना चढता येईल अशी. तिसरी, सेवारस्ते अखंड जोडा, म्हणजे शेजारच्या वसाहतीत जायला कोणाला महामार्गावर उतरावे लागणार नाही. चौथी, रुंदी वाढवायचीच असेल तर वाढलेल्या जागेवर पहिला हक्क बसचा. वनाज ते चांदणी चौक मेट्रोला २०२५ च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आहे. ती मेट्रो चौकापर्यंत येईल, पण उतरल्यावर माणसाला पलीकडे जाता आले नाही तर ती कोणासाठी? आणि शेवटची अट, पुढल्या वीस वर्षांच्या देखभालीचे पैसे आजच बाजूला काढून ठेवा. विमा उतरवल्याशिवाय आम्ही कोणाला ट्रकचे कर्जसुद्धा देत नव्हतो.

बाह्यवळणाला आता नवे बाह्यवळण होते आहे. मावळ, मुळशी, हवेली, भोर, पुरंदर असा शहराला वळसा घालणारा सुमारे १७० किलोमीटरचा रिंगरोड. दूरच्या वाहतुकीसाठी तो हवाच, असे मलाही वाटते. पण तात्यांचा रस्ताही दूरच्या वाहतुकीसाठीच होता.

मध्यंतरी माझ्या हाताखाली उमेदवारी केलेल्या एका मुलाचा फोन आला. तो आता त्या पट्ट्यातल्या एका गावात शाखाधिकारी आहे. मोठ्या खुशीत होता. ‘‘सर, ठेवींचं टार्गेट यंदा आधीच झालं! भूसंपादनाचे पैसे आले ना लोकांचे.’’ मी त्याचे अभिनंदन केले. मग विचारले, ‘‘कुणाची विहीर पलीकडे राहिली आहे का, ते विचारलंस कधी?’’ तो हसला. म्हणाला, ‘‘सर, ते काय आपलं काम आहे का?’’

मी त्याला तात्यांची आणि मावशींची गोष्ट सांगितली. तीनशे चाळीस रुपयांचीही सांगितली. आपल्याला रस्ता अडवता येणार नाही, पण कुठे वाट ठेवायला हवी, याचा अर्ज त्या माणसांना नीट लिहून देता येईल. काम सुरू व्हायच्या आत दिलेला अर्ज कुणीतरी वाचण्याची थोडी तरी शक्यता असते, एवढे म्हणालो.

फोनवर थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, ‘‘सोमवारी विचारतो, सर.’’